मिसफायर (जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील)

मिसफायर म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील हवा व इंधन यांचे मिश्रण ठरलेल्या क्षणी न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा अवेळी पेटणे. गॅरेजच्या बोलीत या दोषास ‘मिसिंग’ म्हणतात. ‘गाडी मिसिंग मारते’ हा प्रयोग महाराष्ट्रातील मेस्त्रींच्या तोंडी इतका रुळला आहे, की मूळचे हे इंग्रजी धातुसाधित आता मराठी नामच झाले आहे. वास्तविक हृदयाविषयी वापरला जाणारा ‘ठोका चुकणे’ हा वाक्प्रचार या दोषाचे वर्णन अधिक नेमकेपणाने करतो.

चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात मुख्य दंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या या संथ गतीने चालू असेल, तर मिनिटाला एकूण १,६०० ठोके पडतात. त्यांपैकी ४०० एका सिलिंडरच्या वाट्याचे असतात. एक सिलिंडर पूर्ण बंद पडला तर प्रत्येक चौथा ठोका गळतो, इंजिन लंगडते आणि धूरनळीतून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो. हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते व खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. म्हणून ‘तीन सिलिंडरवर का होईना, चालते आहे’ या समाधानात गाडी दामटणे महागात पडते.

आधुनिक मोटारीत संगणक मुख्य दंडाच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांवरून मिसफायर ओळखतो व दोषाचा संकेतांक दाखवतो. १९५० ते १९७० या काळातील स्पोर्ट्स मोटारींत असे काहीच नसते. तेथे निदान कान, डोळे, फिलर गेज, टेस्ट लॅम्प आणि तर्क यांवर अवलंबून असते. त्यातही तर्काचा वाटा सर्वांत मोठा असतो. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असे एकामागून एक बदलत जाण्याच्या पद्धतीत दोष कधी कधी जातोही, पण तो कशात होता ते कळत नाही. शिवाय नव्या सुट्या भागांचा दर्जा बेभरवशाचा असल्याने एक दोष काढताना दुसरा बसवला जाण्याची शक्यता राहते.

एमजीए आणि अँबेसेडर

भारतात स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे येथे जुन्या स्पोर्ट्स मोटारी मोजक्याच आहेत. मात्र त्यांपैकी काहींची इंजिने भारतीय मेस्त्रींना अनोळखी नाहीत. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेल्या एमजीए या दोन आसनी मोटारीच्या पहिल्या आवृत्तीत १,४८९ घनसेंमी. क्षमतेचे बीएमसी बी-मालिकेचे इंजिन होते. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसेडरमध्ये अनेक वर्षे बसवले गेलेले पेट्रोल इंजिन याच मालिकेचे व याच क्षमतेचे होते. तसेच मद्रासला १९६१ पासून बनू लागलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे इंजिन आणि ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन एकाच कुळातील होय. ज्याने टॅक्सीची अँबेसेडर दुरुस्त केली आहे, त्याला एमजीएच्या इंजिनासमोर बुजण्याचे कारण नाही.

फरक आहे तो मुख्यतः श्वसनाचा. अँबेसेडरमध्ये चारही सिलिंडरांना मिळून एक कार्ब्युरेटर असतो; एमजीएमध्ये एसयू बनावटीचे दोन असतात. बी-मालिकेच्या सिलिंडर हेडमध्ये आत येणाऱ्या मिश्रणासाठी चार नव्हे, तर दोनच वाटा आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेवर. बाहेर जाणाऱ्या धुरासाठी तीन वाटा आहेत. मधली वाट दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरची सामाईक असते. ही रचना लक्षात ठेवली, तर कोणते सिलिंडर चुकतात एवढ्यावरूनच अर्धे निदान होते.

प्रथम सिलिंडर ओळखणे

इंजिन संथ गतीवर चालू ठेवून प्रत्येक प्लगची वायर क्रमाने काढून पाहणे ही जुनी पद्धत आहे. चांगल्या सिलिंडरची वायर काढताच इंजिनाची गती उतरते. आधीच मेलेल्या सिलिंडरची वायर काढली तर काहीच फरक पडत नाही. यासाठी रबरी मुठीची पक्कड वापरावी, काढलेल्या वायरचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरावे आणि आसपास पेट्रोलची गळती नाही याची आधी खात्री करावी. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये; उघड्या राहिलेल्या वायरमुळे त्याचे मॉड्यूल जळू शकते.

या चाचणीतून मिळणारे आकृतिबंध बोलके असतात. एकच सिलिंडर चुकत असेल, तर दोष त्याचा प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅपमधील त्याचे टोक किंवा त्याचा व्हॉल्व्ह यांत शोधावा. पहिला व दुसरा मिळून चुकत असतील, तर पुढच्या कार्ब्युरेटरकडे पाहावे. तिसरा व चौथा चुकत असतील, तर मागच्याकडे. दुसरा व तिसरा हे मधले शेजारी एकत्र मेले असतील, तर त्यांच्यामधील हेड गास्केट फुटल्याचा दाट संशय घ्यावा. चारही सिलिंडर आळीपाळीने, कोणताही क्रम न पाळता चुकत असतील, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात असतो: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पेट्रोलचा पंप किंवा इग्निशन स्विच. नुकतीच दुरुस्ती झाली असेल आणि दोन सिलिंडर एकदम बंद पडून कार्ब्युरेटरमधून फटाके वाजत असतील, तर बहुधा प्लगच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. बी-मालिकेचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असून रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. कॅपवरच्या वायरी घड्याळाच्या दिशेने मोजण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते.

एकट्या सिलिंडरचा दोष सापडल्यावर नवा भाग आणण्याआधी अदलाबदलीची चाचणी करावी. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात व पहिल्याचा तिसऱ्यात बसवला आणि ‘मिसिंग’ही तिसऱ्यात गेले, तर दोष प्लगचा. ते पहिल्यातच राहिले, तर प्लग निर्दोष. हीच युक्ती वायरीलाही लागू पडते. यात खर्च काहीच नाही आणि उत्तर निःसंदिग्ध मिळते.

ठिणगी

जुन्या मोटारींतील बहुसंख्य मिसफायर प्रज्वलन व्यवस्थेत उगम पावतात. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट (मेस्त्रींच्या भाषेत सीबी पॉइंट) उघडताच तो खंडित होतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या करत असताना हे नाट्य मिनिटाला ८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ वेळा घडते. पॉइंटची फट एमजीएमध्ये साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. आणि प्लगची फट सुमारे ०.६४ मिमी. ठेवतात. पॉइंटची फट कमी झाली तर ठिणगी उशिरा पडते, जास्त झाली तर कॉइलला भरून घ्यायला वेळ मिळत नाही आणि जास्त गतीवर ठोके गळू लागतात.

कंडेन्सरचे काम पॉइंट उघडण्याच्या क्षणी प्रवाह स्वतःत सामावून घेण्याचे असते, जेणेकरून पॉइंटवर ठिणगी न उडता ती प्लगवर उडावी. तो निकामी झाला की पॉइंटची तोंडे निळसर काळी पडून जळतात व इंजिन कसेबसे चालते. तापल्यावर बिघडणारा आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखा वागणारा कंडेन्सर ही निदान करणाऱ्याची खरी परीक्षा असते. गाडी अर्ध्या तासाने अडखळते, थांबवून चहा घेतला की पुन्हा नीट चालते. हेच लक्षण तापलेल्या कॉइलचेही असू शकते, म्हणून दोन्ही एकदम न बदलता एकेक बदलून पाहावे.

डिस्ट्रिब्युटरमधील आणखी एक दोष सहसा नजरेतून सुटतो. निर्वाताच्या (व्हॅक्यूमच्या) ओढीने पॉइंटची पट्टी मागेपुढे फिरते आणि तिच्यासोबत दोन बारीक वायरी सतत वाकतात. वर्षानुवर्षे वाकून त्यांतील तांब्याचे धागे आतल्या आत तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. अशी गाडी एका गतीवर छान चालते आणि ॲक्सिलरेटर दाबताच किंवा सोडताच ठोका चुकवते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा बुश झिजला असल्यास दांडा डुगडुगतो, प्रत्येक सिलिंडरसाठी पॉइंटची फट वेगळी पडते आणि कितीही वेळा फट लावली तरी समाधान होत नाही. दांडा बोटांनी आडवा हलवून पाहिला की हे कळते.

रोटरमधून होणारी गळती शोधण्यासाठी कॉइलची मुख्य वायर रोटरच्या मधल्या पितळी भागाजवळ थोड्या अंतरावर धरून दुसऱ्याकरवी पॉइंट उघडझाप करून घ्यावेत. ठिणगी जोमाने रोटरवर उडत राहिली, तर ती रोटरमधून खाली दांड्यात उतरते आहे, म्हणजेच रोटर फुटला आहे. कॅप व वायरींची गळती पाहायला उपकरण लागत नाही. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडावे. जेथे विजेची निळी रेघ नाचते, तेथे दोष असतो.

एमजीएची मूळ विद्युतरचना धन टोक सांगाड्याला जोडलेली, म्हणजे ‘पॉझिटिव्ह अर्थ’ पद्धतीची आहे. अनेक मालकांनी सोयीसाठी बॅटरी उलटी केली, पण कॉइलवरच्या दोन बारीक वायरी उलट करायला ते विसरले. अशा वेळी प्लगच्या मधल्या, तापलेल्या टोकाऐवजी बाहेरच्या थंड टोकावरून इलेक्ट्रॉन निघावे लागतात आणि त्यासाठी अधिक दाब लागतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. बोरघाट चढताना मात्र ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, सिलिंडरमधील दाब वाढतो, ठिणगीला फट ओलांडणे अवघड होते आणि गाडी खोपोली सोडताच मिसिंग सुरू करते. ‘फक्त चढावर चुकते’ ही तक्रार ऐकताच पेट्रोलचा विचार करणारे बरेच असतात. आधी ठिणगी तपासणे अधिक शहाणपणाचे.

मिश्रण

एसयू कार्ब्युरेटरची बांधणी साधी आहे. हवेच्या ओढीने वरखाली होणारा पिस्टन, त्याला जोडलेली निमुळती सुई आणि त्या सुईभोवतीचा जेट. मिश्रण योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी इंजिन संथ चालू असताना पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर वर उचलतात. इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे, गती ढासळून इंजिन बंद पडू लागले तर कमी आहे, क्षणभर किंचित वाढून स्थिरावली तर बरोबर. पिस्टनच्या डॅशपॉटमधील तेल संपलेले असल्यास ॲक्सिलरेटर झटकन दाबताच इंजिन खोकते. हा मिसफायर नव्हे. चमचाभर तेलाने तो बरा होतो.

प्लगचे तोंड मिश्रणाची साक्ष देते. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडे, काळे, काजळीचे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे, कोरडे पडलेले असेल तर हवा जास्त. ओलसर, तेलकट काळे असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल वर येते आहे. पांढरा प्लग दिसल्यावर जेट फिरवण्याआधी हवेची चोरवाट शोधावी. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजलेली असणे आणि मॅनिफोल्डचे गास्केट सैल असणे ही दोन कारणे जुन्या एसयूमध्ये नित्याची आहेत. इंजिन चालू असताना सांध्यांवर थोडे पाणी फवारले आणि चाल बदलली, तर चोरवाट तेथेच आहे.

पीयूसी केंद्रावरील यंत्रही येथे कामी येते, याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. जुन्या पेट्रोल मोटारींसाठी त्यांची मर्यादा अनुक्रमे ३ टक्के व १,५०० पीपीएम आहे. दोन्ही आकडे चढे असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे ठिणगी तरी चुकते आहे किंवा मिश्रण पेटण्यापलीकडे विरळ झाले आहे.

इथेनॉलयुक्त पेट्रोल

भारतात फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात हे इथेनॉल साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांतूनही येते. जुन्या मोटारींच्या दृष्टीने त्याचे परिणाम गंभीर आहेत. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरतात. २० टक्के मिश्रणासाठी हे गुणोत्तर साधारण १३.५ येते. संगणक असलेली गाडी इंधन वाढवून हा फरक भरून काढते. १९५५ सालच्या जेटला ते समजण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते आणि आधीच काठावर लावलेले इंजिन अडखळू लागते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने हवा थोडी विरळ असते व मिश्रण किंचित समृद्ध होते, पण तेवढ्याने तूट भरत नाही. जेट खाली घेऊन किंवा जाड धार देणारी सुई बसवून दुरुस्ती करावी लागते.

याहून त्रासदायक बाब म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधन उचलणारी नळीही तळाशीच असते. ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. या नोंदणीखालील वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साहजिकच अशा गाड्या महिनोन् महिने उभ्या राहतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा मिसफायर शोधताना टाकीच्या तळातील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहणे ही पहिली पायरी असावी. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात व झिरपतात. एसयूच्या जेटखालील बुचाच्या लाकडाचे (कॉर्कचे) जुने सील गाडी उभी राहिल्यावर वाळून गळू लागतात. तापलेल्या धूरनळीच्या वरच हा कार्ब्युरेटर असल्याने येथील गळती ही निदानाची नव्हे, आगीची बाब आहे. ती थांबवल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

दाब

ठिणगी व मिश्रण दोन्ही ठीक असूनही सिलिंडर मेलेलाच राहिला, तर दाब मोजावा. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवतात. नेमक्या आकड्यापेक्षा चारही आकडे जवळजवळ असणे महत्त्वाचे. सुमारे १० टक्क्यांहून अधिक तफावत संशयास्पद मानतात. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा पातळ थर बीड धातूच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करत असे. ते संरक्षण गेल्यामुळे सीट हळूहळू आत खचते, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशा इंजिनाचा ठोका संथ गतीवर चुकतो व गती वाढवल्यावर बराचसा लपतो. टॅपेटचा आवाज नाहीसा झाला म्हणून आनंद मानणाऱ्या मालकाने आधी फिलर गेज घालून पाहावे. टकटक करणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरा, असे बी-मालिकेच्या बाबतीत तरी निश्चित म्हणता येते.

पिंपरी-चिंचवड परिसर

पवना नदीकाठच्या पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, कासारवाडी या वस्त्यांमध्ये अशा गाडीची दुरुस्ती करणाऱ्यास एक मोठी अनुकूलता आहे. शेजारच्या भोसरी औद्योगिक क्षेत्रात लहान लेथ कारखान्यांचे जाळे आहे. डिस्ट्रिब्युटरचा ब्राँझचा बुश, थ्रॉटलच्या दांड्याचे बुश किंवा कठीण पोलादाची व्हॉल्व्ह सीट हे भाग परदेशातून मागवण्याऐवजी मापे देऊन येथे करून घेता येतात. त्यासाठी झिजलेला भाग नमुना म्हणून न देता मूळ माप मिळवून द्यावे. नमुन्यावरून केलेल्या भागात झीजही उतरते.

प्रतिकूलता पावसाळ्याची आहे. इमारतींच्या तळमजल्यावरील बंदिस्त वाहनतळात आषाढ-श्रावणात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये आतून दव धरते व कार्बनच्या बारीक रेषांवरून वीज पळू लागते. कॅप काढून कोरड्या कापडाने पुसल्यावर गाडी चालू लागली, तरी ती रेषा राहतेच आणि पुढच्या दमट सकाळी दोष परततो. रेषा उमटलेली कॅप बदलावीच लागते. उन्हाळ्यात याउलट मुंबई-पुणे मार्गावरील वाहनकोंडीत कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळून वाफ धरते. अँबेसेडर व फियाटचे चालक इंजिनालगतच्या पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळत, ते यासाठीच. एमजीएचा विजेवरील पंप इंजिनापासून दूर, आसनांच्या मागे असतो. त्यावर फडके गुंडाळून उपयोग नाही. बॉनेट उघडून इंजिन निवू द्यावे. स्विच दिल्यावर त्या पंपाची टिकटिक ऐकू येऊन थोड्या वेळात थांबली तर पंप ठीक आहे. टिकटिक अखंड चालू राहिली तर पेट्रोल कोठेतरी गळते आहे, टाकी रिकामी आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. आवाजच आला नाही, तर पंपाचे स्वतःचे पॉइंट जळलेले असण्याचा संभव अधिक.